आखाजीचा झोका आणि एकशे आठ नग

प्रेमराज ऊर्फ प्रेमराव देवरे यांनी सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत सर्वात कमी दराची निविदा सोडून दुसरी कुठलीही मंजूर केली नाही. टाचणी असो की पाण्याचा टँकर, तीन दरपत्रकं मागवायची, एकाखाली एक मांडायची आणि सर्वात लहान आकड्याभोवती लाल शाईनं गोल काढायचा, एवढं केलं की त्यांना दुपारचा डबा गोड लागायचा. त्या टाचण्या कागदात शिरताना वाकायच्या, ही गोष्ट वेगळी. टाचणी वाकली तर दोष कागदाचा, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्तीच्या दिवशी लाल शाई त्यांनी कचेरीत जमा केली, मत मात्र घरी घेऊन आले.

घर म्हणजे जळगावच्या एका कॉलनीतलं रो-हाउस. भिंतीला भिंत लागून सहा घरं. चौथं त्यांचं, पाचवं रुक्माबाईंचं. रुक्माबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. जळगावात चाळीस वर्षं राहूनही त्यांनी आपली अहिराणी सोडली नव्हती आणि ती सोडावी असं सुचवण्याची कुणाची हिंमतही नव्हती. त्यांचे यजमान मोतीलालनाना एसटीच्या वर्कशॉपमधले फिटर. डोक्यावर पांढरी टोपी, कानामागे पेन्सिल आणि जिभेवर प्रत्येक यंत्राबद्दल एक वाईट शब्द. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीच्या तोंडावरच्या निंबाला झोका बांधण्याचं काम नानांचं. दोर ते स्वतः तपासायचे, गाठ स्वतः मारायचे, आणि माहेरी आलेल्या सगळ्या पोरी दिवसभर त्यावर झुलायच्या. दोन वर्षांपूर्वी नाना गेले. गेल्या वर्षी निंबाच्या फांद्या तारांना लागतात म्हणून छाटल्या गेल्या, आणि गल्लीतला झोका बंद झाला.

यंदा प्रेमरावांच्या नूतनची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. ती धुळ्यात दिलेली. फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, यंदा झोका नसेलच ना आपल्याकडे? निंब तर छाटला."

ती सहज म्हणाली होती. पण शेवटच्या शब्दाला तिचा आवाज जरा खाली गेला, आणि प्रेमराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "कोण म्हणतं नसेल?" ते म्हणाले. "झोका असेल. तू फक्त ये."

फोन ठेवल्यावर त्यांच्या पत्नी हेमांगीबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही आयुष्यात एक खिळा तरी ठोकलाय का?"

"मी चार हजार खिळे खरेदी केलेत," प्रेमराव म्हणाले.

त्याच आठवड्यात एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात हत्यारांचा महासेल लागला होता. तिथं प्रेमरावांना ती पेटी दिसली. निळी, प्लॅस्टिकची, आत एक ड्रिल मशीन आणि वर मोठ्या अक्षरांत 'एकशे आठ नग'. किंमत चौदाशे नव्व्याण्णव. प्रेमरावांनी सवयीनं आणखी दोन दुकानांत भाव विचारले, मनातल्या मनात तिन्ही एकाखाली एक मांडले आणि लाल गोल काढला.

घरी येऊन मोजणी झाली. एकशे आठ नगांपैकी पंच्याऐंशी नग म्हणजे स्क्रू आणि भिंतीत घालायच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या निघाल्या. उरलेल्यांत हातोडी, पेचकस, पाने, मोजपट्टी, ड्रिलची पाती आणि पातळी बघायची एक पिवळी पट्टी होती. ती पट्टी प्रेमरावांना फार आवडली. तिच्यातला बुडबुडा कायम मध्यावर असायचा. टेबलावर ठेवा, मध्यावर. उशीवर ठेवा, मध्यावर. हेमांगीबाईंनी ती उभी धरली, तरी बुडबुडा जागचा हलला नाही. "बघ," प्रेमराव म्हणाले, "आपलं घर किती सरळ बांधलंय."

तिसऱ्या घरातला प्रशील संध्याकाळी पेटी बघायला आला. बँकेत अधिकारी असलेला हा पोरगा स्वभावानं फार चांगला. त्याच्याकडे नावाजलेल्या कंपनीचं महागडं ड्रिल होतं आणि ते मागायच्या आधीच देऊ करण्याची त्याला वाईट खोड होती. "काका, माझं घेऊन जा ना. भिंतीला जरा ताकदीचं मशीन लागतं."

"अरे, भोक ते भोक," प्रेमराव म्हणाले. "तुझ्या मशीननं पाडलेल्या भोकात काय जास्त पोकळी असते? हेच काम मी चौथाई किमतीत करून दाखवतो." हे वाक्य त्यांनी गच्चीवरून म्हटल्यामुळे ते सहाही घरांनी ऐकलं. तेव्हापासून प्रशीलचं ड्रिल मागण्याचा रस्ता बंद झाला.

झोका कुठं बांधायचा, यावर सल्ला द्यायला पहिल्या घरातले हिलालआबा आले. आबांनी स्वतःच्या हातानं कधी काही बांधलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा सल्ला कुठल्याही अनुभवानं अडलेला नसायचा. "स्लॅबला हात लावू नको, प्रेमराज. वर भोक पाडलं की पावसाळ्यात तुझ्या घरात धरण होईल. त्यापेक्षा पुढच्या पोर्चमधे दोन भिंती शेतस ना? या भिंतीत दोन इंच खोल भोक, त्या भिंतीत दोन इंच खोल भोक, मधे लोखंडी पाइप. पाइपाला दोर बांध. संपलं."

सल्ला पटण्यासारखा होता. डावी भिंत प्रेमरावांची स्वतःची, उजवी रुक्माबाईंशी सामाईक. दोन इंचच तर जायचंय, म्हणून त्यांना विचारण्याचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाइप कापून आणला. दोन भिंतींमधलं अंतर अधिक दोन इंच अधिक दोन इंच. हा हिशेब प्रेमरावांनी तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा तो बरोबर आला.

मग प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. बाहेर बेचाळीस डिग्री. प्रेमराव स्टुलावर चढले, मशीन भिंतीला लावलं आणि बटण दाबलं. आवाज असा आला की हेमांगीबाईंनी आतून कुकर बंद केला. दहा मिनिटांनी खाली उतरून पाहिलं तर भिंतीवर रंग गेलेला एक गोल ठिपका होता. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. ठिपका चकचकीत झाला. तिसऱ्या दिवशी पातं लाल होऊन वाकलं. मशीन नाही तर हातोडी आणि खिळ्यानं सुरुवात करून बघू म्हणून त्यांनी हातोडी उचलली, तर दुसऱ्याच घावाला तिचं डोकं दांड्याला सोडून हिलालआबांच्या अंगणात गेलं. आबा ते घेऊन आले आणि म्हणाले, "हा तुझा नग क्रमांक किती?"

रोज संध्याकाळी प्रशील फाटकापाशी थांबायचा, भिंतीवरचा ठिपका बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्यानं काहीतरी बोलावं, असं प्रेमरावांना फार वाटायचं.

शेवटी त्यांच्यातला खरेदी शाखेचा माणूस जागा झाला. पेटीत वॉरंटीचं कार्ड होतं. त्यावरच्या नंबरावर त्यांनी 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत रीतसर तक्रार पाठवली. उत्तर आलं, की भोक पडत नसल्याचा व्हिडिओ पाठवा. प्रेमरावांनी हेमांगीबाईंकडून तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून घेतला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "व्हिडिओमध्ये भोक दिसत नाही."

"तीच तर तक्रार आहे," प्रेमरावांनी लिहिलं.

"कृपया भोक स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ पाठवा."

आयुष्यभर प्रेमरावांनी लोकांना असेच शेरे मारून पाठवले होते. आज तोच शेरा उलटून अंगावर आला. त्यांनी चष्मा पुसून कार्ड पुन्हा हातात घेतलं. मग कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत सर्व्हिस सेंटरचा पत्ता सापडला. तो धुळ्याचा होता.

आखाजी दोन दिवसांवर आलेली. प्रेमरावांनी मशीन धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलं आणि सकाळची एसटी पकडली. मुलीच्या गावी जायचं, पण मुलीकडे जायचं नाही, कुणाला दिसायचं नाही, काम करून दुपारच्या गाडीनं परत, असा बेत होता. बेत चांगला होता. फक्त सर्व्हिस सेंटरच्या बाकावर फवारणीचा पंप मांडीवर घेऊन त्यांचे व्याही लोटनभाऊ बसलेले होते.

लोटनभाऊ निवृत्त मुख्याध्यापक. कुणाची चूक दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा. "देवरेसाहेब! धुळ्यात? आणि घरी न येता?"

प्रेमराव काहीतरी पुटपुटत होते, तेवढ्यात काउंटरवरच्या माणसानं फडकं सोडलं, मशीन हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि बाजूचं एक बोटभर बटण टचकन दुसरीकडे ढकललं. "काका, हे उलट्या दिशेला फिरत होतं. स्क्रू काढायला असतं ते. उलटं फिरवून भोक कसं पडणार?"

प्रेमरावांना आपण आठ दिवस भिंत पॉलिश करत होतो, हे कळलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते लोटनभाऊंना कळलं. माणसानं कार्डावर लिहिलं, 'दोषाचे स्वरूप: यंत्र ठीक. वापरणारे नवीन.' खाली सही-शिक्का मारून त्यानं ते प्रेमरावांच्या हातात दिलं. चेहरा खुललेल्या लोटनभाऊंनी ते वाचलं, पण मोठ्या मनानं मोठ्यानं वाचलं नाही.

आता घरी जाणं भाग होतं. आणि आखाजीच्या तोंडावर मुलीचा बाप दारात उभा राहिला म्हणजे तो मुराळी, मुलीला माहेरी न्यायला आलेला, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. विहीणबाईंनी दारातच म्हटलं, "आलात का न्यायला? नूतन, बॅग भर!" प्रेमराव काही बोलायच्या आत नूतनची बॅग भरून झाली होती. ती इतकी आनंदात होती की मी मशीन दुरुस्तीला आलो होतो, हे सांगायचं त्यांनी रद्द केलं.

"मुराळी काय घेऊन आले बघू," विहीणबाईंनी फडक्याकडे बघत म्हटलं. रिकाम्या हातानं तर कुणी येत नाही.

फडक्यातून ड्रिल निघालं.

लोटनभाऊ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग प्रेमरावांनी कान लाल करून सगळं सांगितलं, की पोरीसाठी झोका बांधतोय, आता मशीन सुरू झालंय, अर्ध्या तासाचं काम आहे. लोटनभाऊ डोळे पुसत म्हणाले, "मग आम्हीही येतो झोका बघायला. आखाजीच्या दिवशी अकराच्या गाडीनं उतरतो."

परतीच्या एसटीत नूतननं खिडकीकडची जागा घेतली आणि फडक्यातलं मशीन स्वतःच्या मांडीवर ठेवलं. पारोळ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "बाबा, नाही झालं तरी चालेल हं." हे ऐकून प्रेमरावांनी ठरवलं की आता झालंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती. म्हणून आखाजीची सकाळ उजाडली तेव्हा भिंतीवर चकचकीत ठिपका तसाच होता, घरात पुरणाचा वास सुटला होता, आमरसाचं पातेलं भरलं होतं आणि व्याह्यांची गाडी धुळ्याहून सुटली होती.

नूतननं स्टूल धरलं. प्रेमरावांनी बटण नीट बघून सरळ केलं आणि डाव्या भिंतीला मशीन लावलं. घर्रर्र झालं, आणि काय सांगावं, पातं लोण्यात शिरावं तसं आत गेलं! लाल विटेची भुकटी त्यांच्या बनियनवर पडली. त्यांनी आयुष्यात एवढी सुंदर भुकटी पाहिली नव्हती. "भोक!" ते ओरडले. गल्लीतून प्रशीलनं टाळी वाजवली, आणि ती मनापासून होती.

आता उजवी भिंत. आठ दिवस भिंतींनी त्यांना हिणवलं होतं. प्रेमरावांनी छाती मशीनला टेकवली, शरीराचा सगळा भार टाकला आणि बटण दाबून धरलं. दोन इंच झाले, तीन झाले, आणि एकाएकी पुढे काहीच लागेना. ते मशीनसकट भिंतीला जाऊन चिकटले.

भिंतीच्या पलीकडे त्याच वेळी रुक्माबाई देवघराच्या कोपऱ्यात घागर भरून बसल्या होत्या. आखाजीला पितरांना जेवायला बोलवायचं असतं. पाण्यानं भरलेली मातीची घागर, तिच्यावर खरबूज, पुढे पुरणपोळी आणि रसाचं ताट. त्यांनी निखाऱ्यावर घास टाकला, डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाल्या, "नाना, जेवाले या."

आणि भिंतीतून घर्रर्र असा आवाज आला, डोक्यावर लाल भुकटी पडली आणि वर बघतात तो भिंतीतून लोखंडाचं एक टोक गरगर फिरत बाहेर आलेलं.

"उनात वं माय!" जेवायला बोलावलेले नाना खरंच आले, अशी रुक्माबाईंची आरोळी सहाही घरांत गेली. "नाना उनात! हत्यार लिसन उनात!"

इकडे प्रेमरावांनी बटण सोडलं. त्यांनी पातं ओढून काढलं आणि भोकाला तोंड लावून दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का... मी शे. प्रेमराज."

पलीकडे पाट सरकला आणि पावलं दाराकडे निघाली. ती पोर्चपर्यंत यायचा वेळ प्रेमरावांना एकतीस वर्षांच्या नोकरीपेक्षा मोठा वाटला. सणाच्या दिवशी, घागरीपुढे, विधवा बाईच्या देवघरात त्यांनी भोक पाडलं होतं. पुरणाचा वास नकोसा झाला. मशीननंही जणू तोंड लपवायचं ठरवलं. त्यातून एक निळा धूर निघाला आणि ते कायमचं बंद पडलं.

रुक्माबाई पोर्चमध्ये आल्या. केसांवर भुकटी, डोळ्यांत पाणी. प्रेमराव स्टुलावरून उतरून हात जोडून उभे राहिले. "अक्का, चूक झाली. नूतनसाठी झोका बांधत होतो. दोनच इंच जायचं होतं. आजच भिंत बुजवून देतो, रंगसुद्धा देतो."

रुक्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी डावं भोक पाहिलं, उजवं भोक पाहिलं, मग कोपऱ्यात उभा असलेला पाइप पाहिला. फिटरच्या घरात चाळीस वर्षं राहिलेल्या बाईची ती नजर होती. "दोनी बाजूले दोन-दोन इंच?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आनी पाइप कथाईन घालशी?"

प्रेमरावांनी पाइप उचलून दोन भिंतींमध्ये धरून पाहिला. पाइप दोन भिंतींमधल्या अंतरापेक्षा चार इंच लांब होता. दोन्ही भोकं अर्धवट असती तर तो आत घालायला जागाच नव्हती. हिशेब तीनदा तपासला होता आणि तिन्ही वेळा बरोबर आला होता. हिलालआबा एकाएकी काहीतरी आठवून घराकडे निघाले.

"एक भोक आरपार लागस," रुक्माबाई म्हणाल्या. "पाइप मना घरमाईन घाल, तथाईन सरकाव. हाई भोक मोठं कर." मग त्या नूतनकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, मनी खाटखाले नानानी पेटी शे. बठ्ठं शे त्यामा. लई ये."

ती पेटी दोन वर्षांत कुणी उघडली नव्हती, आणि मागायची कुणाची छाती झाली नव्हती. नूतननं ती दोन्ही हातांनी उचलून आणली. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली छिन्नी, तिचा दांडा नानांच्या तळहातानं गुळगुळीत झालेला. हातोडी, जिचं डोकं कुणाच्या अंगणात जाणार नव्हतं. लाकडाच्या चार पाचरी. आणि सगळ्यात वर घडी केलेली पांढरी टोपी.

प्रेमरावांनी छिन्नी धरली. हातात जड, आणि कुठं लावायची ते जणू तिलाच ठाऊक. ड्रिलच्या दोन्ही भोकांभोवती तासाभरात पाइप जाईल एवढी जागा झाली. भिंत पुरती पार व्हावी म्हणून प्रशीलनं आपल्या घरचा जरा लांब पाइप आणला आणि रुक्माबाईंच्या घरातून आत सरकवला, नूतननं इकडून धरला, प्रेमरावांनी पाचरी ठोकल्या. पाइप पक्का बसला. पाइप सरळ आहे का, हे बघायला त्यांनी पिवळी पट्टी उचलली, मग विचार करून ती निळ्या पेटीत परत ठेवली आणि रुक्माबाईंना विचारलं. त्यांनी एक डोळा मिटून मान डोलावली.

डाव्या भिंतीत पाइप पुरता टेकवल्यावरही रुक्माबाईंच्या बाजूला त्याचं टोक जरासं बाहेर राहिलं. "अक्का, हे कापून घेतो."

"कापू नको," त्या म्हणाल्या. "राहू दे तठे."

अकराच्या गाडीनं लोटनभाऊ आले तेव्हा नूतन झोक्यावर होती. त्यांनी चष्मा पुसून पाइप पाहिला, पाचरी पाहिल्या, चूक शोधली आणि सापडली नाही म्हणून जरा हिरमुसले. "देवरेसाहेब, मानलं. आरपार भोक पाडायचं, हे तुम्हाला सुचलं कसं?"

प्रेमरावांना एक शब्द सुचला होता. नियोजन. तो जिभेवर आलाही होता. पण भिंतीपलीकडे रुक्माबाई ताटं मांडत होत्या आणि पेटी अजून पोर्चमध्ये उघडी होती. "सुचलं नाही," ते म्हणाले. "चुकून पडलं. बाकीचं सगळं नानांच्या हत्यारांनी केलं."

हे बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. मग, एकतीस वर्षांची सवय एका सकाळीत जात नाही, म्हणून पुढे म्हणाले, "पण आरपार भोक माझ्याच मशीनचं हं! प्रशीलच्या मशीननं पाडलं असतं तर बरोबर दोन इंचांवर थांबलं असतं. मग पाइप कुठून घातला असता?"

प्रशीलनं हसून पुन्हा टाळी वाजवली. निळी पेटी त्या दिवशी माळ्यावर गेली आणि पिवळी पट्टी तेवढी टीव्हीवर राहिली. बघितलं की बरं वाटतं, असं प्रेमरावांचं म्हणणं पडलं.

जेवणं झाली. गल्लीतल्या माहेरवाशिणी एकेक करत पोर्चमध्ये जमल्या, गाणी सुरू झाली आणि नूतनचा नंबर पुन्हा आला. हेमांगीबाई शेजारी रसाची वाटी द्यायला गेल्या आणि दारातच थांबल्या. त्यांनी हातानंच खुणावून प्रेमरावांना बोलावलं. घागरीच्या बरोब्बर वर, भिंतीतून आलेल्या पाइपाच्या टोकावर, रुक्माबाईंनी नानांची पांढरी टोपी अडकवली होती. इकडे झोका वर गेला की पाइप जरासा थरथरायचा आणि तिकडे टोपी हलायची.

रुक्माबाई खाली पाटावर बसून वर बघत होत्या. प्रेमराव दारातच थांबले आणि त्यांनीही वर पाहिलं. रुक्माबाईंनी नजर न काढता भिंतीपलीकडे हाक मारली, "नूतन, आखो जोरमा! नानानी टोपी आते कोठे हालाले लागनी!"